‘घरातलाच पत्ता’ म्हणजे नेमका कोणाच्या घरातला?

प्रश्न : मी बेळगावात शहापूर भागात राहते. शाळेच्या नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. यजमान हयात नाहीत आणि मुलगा पुण्याला असतो. माडीवरची खोली मी चंदगडकडच्या एका विद्यार्थ्याला भाड्याने दिली आहे. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमचेच वायफाय वापरतो. गेल्या मंगळवारी माझ्या ईमेल खात्याच्या कंपनीकडून सुरक्षा सूचना आली : ‘आपल्या खात्यात नवीन साइन-इन झाले आहे. वेळ ०२:१४ यूटीसी. आयपी पत्ता १०.३६.५.११८. ठिकाण अज्ञात.’ त्या दिवशी सकाळपासून मी मुलाने पाठवलेला टॅब सुरू करण्याच्या खटाटोपात होते, त्यामुळे ही सूचना मी दुपारी पाहिली. भाच्याने तो पत्ता इंटरनेटवर शोधला तेव्हा तो ‘प्रायव्हेट’ असल्याचे निघाले. भाचा म्हणाला, “मावशी, प्रायव्हेट म्हणजे घरातल्या नेटवर्कमधला पत्ता. हे बाहेरच्याचे काम नव्हे, घरातल्याच माणसाचे आहे.” रात्री सव्वादोन वाजता आमच्या घरात दिवा जळत असतो तो फक्त माडीवर. माझ्या पेन्शनचे आणि बँकेचे सगळे कागद याच ईमेलवर येतात. भाडेकरू मुलगा वागायला चांगला आहे, पण आता मनात पाल चुकचुकते आहे. तो गावाहून रविवारी परत येईल. त्याला खोली सोडायला सांगावी काय?

— एक निवृत्त शिक्षिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : आदरणीय बाई,

खोली सोडायला सांगू नका. तुम्ही पत्रात जे जे लिहिले आहे ते मी दोनदा वाचले आणि त्यातली एकही गोष्ट त्या मुलाकडे बोट दाखवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सूचना खोटी किंवा फालतू समजून सोडूनही देऊ नका, कारण तिच्यातल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कमध्ये यंत्राला मिळणाऱ्या आकडी पत्त्यावरून, कोणावर संशय घेता येत नाही तसेच कोणाला निर्दोषही ठरवता येत नाही. या पत्त्याला किती किंमत द्यायची आणि सूचनेतल्या दुसऱ्या कोणत्या ओळीकडे खरे लक्ष द्यायचे, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

तुमच्या भाच्याने शोधून काढले ते अर्धे बरोबर आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजात पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते हा पहिला पट्टा, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते हा दुसरा आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हा तिसरा. एकट्या पहिल्या पट्ट्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते बसतात. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता, आपल्या आवारातल्या नेटवर्कमध्ये वापरू शकतो. अट एकच, की ते आवाराबाहेरच्या खुल्या इंटरनेटवर चालत नाहीत. तेव्हा १०.३६.५.११८ हा कोणत्या तरी आवाराच्या आतला पत्ता आहे, इथपर्यंत भाच्याचे म्हणणे खरे. ते आवार तुमचेच आहे, हे मात्र त्याने मनानेच जोडले.

बेळगाव शहरात मारुती गल्ली आहे आणि तालुक्यातल्या कितीतरी गावांतही मारुती गल्ली आहेच. पाकिटावर नुसते ‘मारुती गल्ली, घर नंबर १०’ एवढेच लिहिलेले असेल, तर पोस्टमनने ते कोणत्या गावात न्यावे? त्या त्या गावात पत्ता पुरेसा असतो, वेशीबाहेर आला की त्याला काही अर्थ उरत नाही. खासगी आयपी पत्त्याचे तसेच आहे. या क्षणी तुमच्या शेजाऱ्यांच्या घरी, खडेबाजारातल्या एखाद्या दुकानात, उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात आणि पुण्यात तुमच्या मुलाच्या फ्लॅटमध्येही १९२.१६८.१.५ या पत्त्याचे एखादे यंत्र सुखाने चालू असू शकेल. सूचनेत ‘ठिकाण अज्ञात’ असे आले त्याचे कारणही हेच. ठिकाण हुडकणाऱ्या यादीत अशा पत्त्यांसमोर गावाचे नाव नसते, कारण तो कोणत्याही एका गावचा नाही.

तो पत्ता तुमच्या घरातला आहे का, हे घरबसल्या पाहता येते. फोन वायफायला जोडलेला असताना सेटिंग्जमध्ये जा, तुमच्या वायफायच्या नावाशेजारचे चाक किंवा बाण दाबा आणि ‘आयपी ॲड्रेस’ ही ओळ वाचा. बहुतेक घरगुती राउटर, म्हणजे वायफाय देणारे डबे, १९२.१६८.०. किंवा १९२.१६८.१. ने सुरू होणारे पत्ते देतात आणि तुमच्याकडेही तसेच निघेल असा माझा अंदाज आहे. तसे निघाले तर १०.३६ ने सुरू होणारा पत्ता तुमच्या राउटरने माडीवर किंवा खाली कोणाला दिलेलाच नाही. काही राउटर १० च्या पट्ट्यातलेही पत्ते देतात, म्हणून पाहून खात्री करा. या पाहणीत एक गोंधळ मात्र टाळा. फोनच्या त्याच पानावर ‘प्रायव्हेट ॲड्रेस’ किंवा ‘रँडमाइज्ड मॅक’ असेही काही लिहिलेले दिसेल. ती वेगळी भानगड आहे. आपला माग कोणी काढू नये म्हणून फोन वायफायला स्वतःचा बनावट हार्डवेअर क्रमांक सांगतो, त्याविषयीची ती ओळ आहे आणि आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. ‘प्रायव्हेट’ या एका शब्दाने आधीच एवढा घोळ घातला आहे, त्यात आणखी भर नको.

आता साहजिकच तुम्ही विचाराल, की पत्ता माझ्या घरातला नाही आणि बाहेरच्या इंटरनेटवर चालतही नाही, तर मग कंपनीच्या सूचनेत तो आला कोठून? माझ्या मते बहुधा तो कंपनीच्या स्वतःच्या आवारातला असावा. मोठ्या सेवांचे काम एका संगणकावर चालत नाही. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी दारावरच्या एका यंत्राकडे येते, त्याला लोड बॅलन्सर किंवा प्रॉक्सी म्हणतात, आणि ते यंत्र ती विनंती आतल्या शेकडो संगणकांपैकी एकाकडे सोपवते. आतल्या संगणकाच्या दृष्टीने बोलायचे तर त्याच्याशी बोलणारा तुम्ही नसता, दारावरचे यंत्र असते. आलेल्या माणसाचा पत्ता लिहून ठेवण्याचे काम ज्या प्रोग्रामकडे आहे, त्याला ‘दारावरच्याचा पत्ता लिहू नकोस, त्याने आणलेल्या चिठ्ठीवरचा पत्ता लिही’ असे कोणी सांगितले नसेल, तर तो इमानेइतबारे दारावरच्या यंत्राचाच खासगी पत्ता नोंदवत बसतो. पुढे त्याच नोंदीवरून सूचनेचे पत्र आपोआप तयार होते आणि कंपनीच्या आतल्या खोलीचा नंबर तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतो.

हे मी केवळ पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका सहकारी पतसंस्थेच्या ऑफिसात मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुढे असेच एक मधले यंत्र बसवले. काम नीट चालू झाले म्हणून चहा पिऊन घरी आलो. पंधरवड्याने सचिवांचा फोन आला, की लॉगिनच्या रजिस्टरमध्ये सगळीकडे १९२.१६८.१०.२ हा एकच पत्ता आहे, कॅशियरच्या नावापुढे तोच, मॅनेजरच्या नावापुढेही तोच, तर हा ‘दहा-दोन’ कोण आणि तो सगळ्यांच्या खात्यांत कसा शिरतो? एका कारकुनाला बोलावून विचारपूसही झाली होती. मी जाऊन पाहिले. ‘दहा-दोन’ म्हणजे जुन्या चेकबुकांच्या गठ्ठ्यामागे ठेवलेला, धूळ बसलेला, मीच बसवलेला डबा होता. एक ओळ दुरुस्त करायला मला पाच मिनिटे लागली, पण त्या कारकुनाची माफी मागताना जीभ जड झाली. तुमचे पत्र वाचताना मला तो कारकून आठवला.

त्या चिठ्ठीविषयीही थोडे सांगायला हवे, कारण सूचनेकडे पूर्ण दुर्लक्ष का करू नये ते तिच्यातूनच कळते. दारावरचे यंत्र विनंतीसोबत ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ नावाची एक ओळ पुढे पाठवते आणि ‘ही विनंती मूळ अमुक पत्त्यावरून आली’ असे तिच्यात लिहिते. वाटेत असे दोन-तीन मध्यस्थ असले तर प्रत्येक जण आपल्याला दिसलेला पत्ता त्या ओळीच्या शेवटी जोडत जातो. एखाद्या कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या आतल्या प्रॉक्सीने ती ओळ सुरू केली असेल, तर पहिला पत्ता त्या आवारातला खासगी असतो आणि सेवेने डोळे झाकून पहिलाच पत्ता उचलला, तर सूचनेत तो छापला जातो. यातली मेख अशी, की ओळीचा सुरुवातीचा भाग विनंती पाठवणारा स्वतःच लिहून पाठवू शकतो. कोणा भामट्याने तिथे ‘१०.३६.५.११८’ असे आपल्या हाताने लिहिले आणि सेवा बेसावध असली, तर सूचनेत तेच येईल. म्हणून जाणकार ही ओळ शेवटाकडून वाचतात आणि स्वतःच्या यंत्रांनी जोडलेला भाग तेवढाच खरा मानतात. थोडक्यात, खासगी पत्ता दिसला म्हणजे ‘कंपनीचीच गडबड, आपण निश्चिंत’ असेही म्हणता येत नाही. त्या पत्त्याला साक्षीदार म्हणून उभेच करू नये, एवढे खरे.

भाच्याला कदाचित आणखी एक शंका येईल, की मोबाइल डेटावर फोनलाही १० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, मग तो माडीवरच्या मुलाच्या फोनचा नसेल कशावरून? शंका रास्त आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिक विभागाला त्याच वर्षी १५ एप्रिलपासून शेवटच्या राखीव साठ्यातून मोजून मापून पत्ते द्यावे लागले. या टंचाईमुळे मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना आतल्या बाजूने खासगी पत्ते देतात आणि बाहेर पडताना त्या सगळ्यांना मोजके सार्वजनिक पत्ते वाटून देतात. या कामासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा २०१२ मध्ये खास राखला गेला, तरी १० चा पट्टाही सर्रास वापरला जातो. परंतु फोनचा तो आतला पत्ता ईमेल कंपनीपर्यंत पोहोचतच नाही. तिला दिसतो तो बाहेर पडतानाचा सार्वजनिक पत्ता. आणि एखाद्या ॲपने फोनचा आतला पत्ता मुद्दाम कळवला असे क्षणभर धरले, तरी तसा पत्ता तुमच्या फोनचाही असू शकतो, भाच्याचाही आणि माझाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समजा, कंपनीने सगळे बिनचूक केले आणि सूचनेत खरा सार्वजनिक पत्ता आला. तो तुमच्याच घरच्या इंटरनेट जोडणीचा निघाला. तरीही त्यावरून माडीवरचा मुलगा ठरत नाही. तुमचा राउटर घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने उभे करतो. तुमचा फोन, तुमचा टॅब, दिवाणखान्यातला टीव्ही, मुलाचा लॅपटॉप आणि दिवाळीत येऊन वायफाय जोडून गेलेला भाचा, हे सगळे जगाला एकच दिसतात. काही जोडण्यांवर तर तुमचा आणि अनोळखी घरांचा बाहेरचा पत्ताही एकच असतो आणि त्यांना वेगळे करण्यासाठी पत्त्यासोबत ‘पोर्ट’ क्रमांक, म्हणजे प्रत्येक जोडणीचा वेगळा आकडा, आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. म्हणूनच सर्व्हर चालवणाऱ्यांनी पोर्ट क्रमांकही नोंदवून ठेवावा, अशी शिफारस २०११ मध्येच करण्यात आली आहे. आयपी पत्त्यावरून माणूस सापडतो ही समजूत टीव्हीवरच्या मालिकांनी करून दिली आहे. पत्ता फार तर दरवाजापर्यंत नेतो आणि तुमच्या सूचनेतला पत्ता तर तेवढेही करत नाही.

आता ज्या ओळीकडे खरे लक्ष द्यायला हवे होते तिच्याकडे वळू. सूचनेतली वेळ ‘०२:१४ यूटीसी’ आहे. यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ असून आपली घड्याळे तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असतात. ०२:१४ मध्ये साडेपाच तास मिळवले की सकाळचे ७ वाजून ४४ मिनिटे होतात. बाई, म्हणजे ज्या सव्वादोनच्या रात्री माडीवर दिवा जळत होता, त्या रात्रीशी या साइन-इनचा संबंधच नाही. आणि मंगळवारी सकाळपासून तुम्ही स्वतः नवा टॅब सुरू करण्याच्या खटाटोपात होता, असे तुम्हीच लिहिले आहे. मुलाने पाठवलेला टॅब पहिल्यांदा सुरू झाला, त्याच्यात तुम्ही ईमेल आणि पासवर्ड घातला आणि सेवेने ‘नवीन साइन-इन’ म्हणून कळवले, अशी शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. अगदी तोच मिनिट जुळला पाहिजे असा आग्रह नको, पण पावणेआठच्या आसपास तुम्ही टॅबवर होता की नाही, हे आठवून पाहा. टॅब चालू होताच मुलाला पुण्याला संदेश पाठवला असेल, तर त्या संदेशावरची वेळ पाहिली की झाले.

खात्री करण्याचा आणखी एक उपाय आहे आणि मला तो सर्वांत आवडतो, कारण त्यात कोणाला काही विचारावे लागत नाही. टॅबवरून खाते बंद करा, म्हणजे साइन-आउट करा, आणि भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहा. पाच मिनिटांनी त्याच टॅबवरून पुन्हा साइन-इन करा आणि तीही वेळ लिहा. सूचना आली, तर तिच्यातला पत्ता वाचा. ओळखीच्या यंत्रासाठी काही सेवा पुन्हा सूचना पाठवत नाहीत, तसे झाल्यास खात्याच्या सुरक्षा पानावरील अलीकडच्या हालचालींची यादी उघडा. तुम्ही स्वतः, तुमच्या बोटांनी, तुमच्या बैठकीत बसून केलेल्या साइन-इनपुढेही १०.३६ च्याच धर्तीचा पत्ता दिसला, तर ही सेवा येणाऱ्याचा पत्ता लिहीतच नाही, आपल्या दाराचा लिहिते, हे सिद्ध झाले. शेवटचे आकडे वेगळे असतील तरी गोंधळू नका, कारण मोठ्या कंपनीला दारे अनेक असतात. उलट या वेळी नेहमीसारखा सार्वजनिक पत्ता आणि बेंगळुरू किंवा हुबळी असे काही ठिकाण दिसले, तर मंगळवारचे साइन-इन वेगळ्या वाटेने आले होते असे समजून पुढची तपासणी जास्त काळजीने करा.

ती तपासणी कशी करायची तेही सांगतो. सूचनेच्या ईमेलमधल्या बटणावर बोट लावू नका. अशा सूचनांची हुबेहूब नक्कल करून पासवर्ड काढून घेण्याचा धंदा जोरात आहे आणि नक्कल करणारा कोणताही पत्ता छापू शकतो. कंपनीचे ॲप उघडा किंवा ब्राउझरमध्ये तिचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा आणि ती सूचना खात्याच्या आतही दिसते का ते पाहा. मग ‘तुमची उपकरणे’ अशा नावाची यादी उघडा. तिथे तुमचा फोन आणि नवा टॅब एवढेच असेल आणि टॅबच्या नावापुढे मंगळवारची तारीख असेल, तर बहुतेक कोडे सुटलेच. अनोळखी यंत्र दिसले तर ते तिथूनच बाहेर काढा, पासवर्ड बदला आणि सगळ्या यंत्रांवरून साइन-आउट करण्याचा पर्याय वापरा. त्यानंतरही तीन जागा पाहिल्याशिवाय उठू नका, कारण आत शिरलेला माणूस खुणा सोडतो त्या इथेच. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल तुमचाच आहे का, तुमची पत्रे परस्पर दुसऱ्या ईमेलवर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का आणि खाते वाचण्याची परवानगी कोणत्या बाहेरच्या ॲपना दिलेली आहे. पेन्शनचे कागद या खात्यावर येतात, म्हणून पत्रे परस्पर पाठवण्याच्या नियमाकडे विशेष लक्ष द्या. तो एकदा लागला की पासवर्ड बदलूनही पत्रे जात राहतात. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक खात्रीची पायरी, सुरू नसेल तर, चोर असो वा नसो, आजच सुरू करा.

ठिकाणाविषयी आपल्या भागातल्या वाचकांकडून नेहमी शंका येतात, म्हणून जाता जाता सांगतो. सूचनेत कधी कोल्हापूर, कधी पणजी, कधी मुंबई असे आले म्हणून घाबरून पत्र लिहिणारे बरेच असतात. मोबाइल सेवेच्या दृष्टीने आपण कर्नाटक मंडळात आणि शिनोळीजवळची राज्याची सीमा ओलांडली की महाराष्ट्र-गोवा मंडळात. तुमच्या भाडेकरूसारख्या चंदगडकडच्या मुलांची सिमकार्डे तिकडचीच असतात. फोन कोणत्या टॉवरला धरून बसेल हे तो सिग्नल पाहून ठरवतो, त्याला सीमाप्रश्न ठाऊक नाही. आणि सूचनेतले ठिकाण हे फोन कुठे आहे ते सांगत नाही, कंपनीने तो पत्ता कोणत्या शहराच्या नावावर लावला आहे तेवढेच सांगते. खानापुरात घरी बसून मेल उघडली तरी ‘बेंगळुरू’ असे येणे ही नित्याची गोष्ट आहे.

चाचणीत तुमच्या स्वतःच्या साइन-इनपुढेही खासगी पत्ताच आला, तर कंपनीला दोन ओळी जरूर लिहा. सूचनेची तारीख आणि यूटीसी वेळ द्या, छापून आलेला पत्ता द्या आणि ‘हा पत्ता खासगी पट्ट्यातला असल्यामुळे मला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. या साइन-इनचा सार्वजनिक आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक आणि उपकरणाचा प्रकार कळवावा’ अशी विनंती करा. ही दुरुस्ती केवळ तुमच्यासाठी नाही. ज्या सेवेला सगळे ग्राहक एकाच दारातून आलेले दिसतात, तिला हजार वेळा चुकीचा पासवर्ड घालणारा भामटा आणि तुम्ही यांच्यातला फरकही पत्त्यावरून करता येत नसणार, आणि माझ्या मते ही त्यांची चूक चुकीच्या सूचनेपेक्षा मोठी आहे. उत्तर साचेबंद आले तर पुन्हा एकदा लिहा. उपकरणांच्या यादीत खरोखरच परके यंत्र निघाले आणि बँकेतून पैसे गेल्याचे दिसले, तर मात्र पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. ताबडतोब बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तिथे तासांचा हिशेब असतो.

राहता राहिला तो मुलगा. रविवारी तो आला की त्याला मंगळवारची हकीकत सांगायची की नाही हे तुमच्यावर सोडतो. मी असतो तर सांगितली असती, पण ‘तुझ्यावर संशय आला होता’ हे वाक्य गाळून. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, टॅबची ती चाचणी तो तुमच्या शेजारी बसून दहा मिनिटांत करून देईल. फक्त पासवर्ड टाइप करताना टॅब तुमच्या हातात असू द्या, हा नियम भाच्यालाही लागू आहे. वायफायचा पासवर्ड बसवला तेव्हापासून तोच असेल, तर या निमित्ताने तोही बदला. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असली तर माडीसाठी ती वेगळी चालू करता येते, म्हणजे त्याची यंत्रे आणि तुमची यंत्रे एकमेकांना दिसत नाहीत. हे त्याच्या सोयीचे आणि तुमच्याही. नवा पासवर्ड कागदावर लिहून तुम्ही स्वतःच त्याला द्या, भाच्याच्या हाती पाठवू नका.